साहेबांनी ताटलीत ठेवलेले मणी

ऐन काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस कोसळला आणि पारूबाई निरगुडेंच्या बागेतल्या द्राक्षांचे मणी तडकले. परदेशात माल पाठवणारा व्यापारी घड बघूनच माघारी फिरला. आता सगळी भिस्त सरकारी मदतीवर होती.

पंचनाम्याला आलेले कुलथेसाहेब मात्र बागेत न जाता अंगणातल्या खुर्चीवरच ऐसपैस बसले.

"बाई, वेली उभ्या आहेत, घड लोंबताहेत. मण्याला जराशी चीर गेली तर काय बिघडलं? मी नुकसान नाही असंच लिहिणार."

जमलेले शेजारी चिडले, पण पारूबाई हसून म्हणाल्या, "लिहा की साहेब! पण आधी तोंड गोड करा. आमच्या दारातनं पाहुणा तसाच जात नाही."

त्यांनी बागेतले दोन घड धुऊन ताटलीत पुढे ठेवले. साहेब हवामानापासून निर्यातीच्या नियमांपर्यंत सगळ्यावर बोलत राहिले आणि बोलता बोलता खात राहिले.

"गोड आहेत हो!" ते रुमालाला हात पुसत म्हणाले.

"मग एवढे का ठेवले?"

साहेबांनी खाली पाहिलं. ताटलीत तडकलेले मणी तेवढे उरले होते.

"ते... चिरलेत ना."

"साहेब, फुकटचे असून तुम्ही बाजूला सारलेत. मग सातासमुद्रापारचा माणूस ते पैसे देऊन घेईल व्हय?"

अंगणात हशा पिकला. साहेबांनाही हसू आवरेना.

"बाई, पंचनामा तर माझ्याच बोटांनी केला की!" असं म्हणत ते उठले आणि बागेकडे निघाले.