गेलेला वास

“गेला म्हणजे कुणाचा गेला?” दस्तगीर उस्तादांनी विचारलं.

“पेट्रोलचा वास गेला, उस्ताद. काचा बंद करून अर्धा तास आत बसलो. आता काही नाही.”

कुलदीप मगदूम व्हॅनमधून उतरला. मिरजेबाहेर, म्हैसाळ रस्त्यावरच्या त्या गॅरेजात येऊन त्याला आठ महिने झाले होते. डिप्लोमा पहिल्या वर्गात. आणि नाक असं, की गाडी फाटकातून आत येते न येते तोच सांगायचा... क्लच जळतोय. कूलंट गळतंय. एसीत उंदीर मेलाय.

गिऱ्हाइकं थक्क व्हायची. उस्ताद नुसती मान हलवायचे आणि गिऱ्हाइकाला काहीबाही विचारत बसायचे. कुलदीपला तो वेळकाढूपणा वाटायचा.

ही व्हॅन लीलाताई कोऱ्यांची. त्या शाळेच्या मुलांची ने-आण करत. दोन आठवडे झाले, मुलं गाडीत उलट्या करत होती.

सकाळी उस्तादांनी त्यांना विचारलं होतं, “कुठल्या सीटवरची मुलं?”

“मागच्या.”

“रोज?”

“नाही... सोमवारी, मंगळवारी. मग कमी होतं.”

“टाकी कधी भरता?”

“सोमवारी. आज सकाळीच भरली.”

तोवर कुलदीपनं पुढची सीट उचललीसुद्धा होती. इंजिनाजवळ पेट्रोलच्या नळीची क्लिप सैल होती. त्यानं ती आवळली. झालं काम.

“चाचा, चावी द्या,” लीलाताई म्हणाल्या. “साडेतीनला शाळा सुटते.”

उस्तादांनी चावी सदऱ्याच्या खिशात टाकली.

“ताई, तुम्हाला येतोय वास?”

“मला कुठला कळायला? मी सारखी त्यातच. मुलांच्या आया सांगतात, कपड्यांना येतो म्हणून.”

“आज मुलांना रिक्षानं सोडा.”

लीलाताईंनी एकदा कुलदीपकडे पाहिलं आणि फोन काढून त्या बाजूला गेल्या.

कुलदीपचा चेहरा लाल झाला. “माझ्यावर विश्वास नाही?”

“तुझ्या नाकावर आहे.”

“मग?”

“त्याला जरा फिरवून आण. कालव्यापर्यंत. हात साबणानं धू. शर्टही बदल.”

“उस्ताद, वास गाडीत शोधायचा की कालव्यावर?”

 उस्तादांनी साबणाची वडी पुढं केली.

कुलदीप गेला. रागानं हात दोनदा धुतले. करंजाखाली बसून राहिला. पलीकडं उसाला पाणी चाललं होतं. ओल्या मातीचा वास, पाल्याचा वास... बऱ्याच दिवसांनी त्याला असं काही जाणवत होतं. अर्ध्या तासानं तो उठला.

फाटकातच त्याचे पाय थबकले.

पेट्रोल!

कुणी सांडलं की काय, म्हणून त्यानं जमिनीकडे पाहिलं. कोरडी. व्हॅनला कुणी हात लावला नव्हता. दारं उघडी होती आणि त्यातून वास भपकन अंगावर येत होता. मघाशी तो याच गाडीत अर्धा तास बसला होता.

चौदा मुलं, लावलेल्या काचा... आणि चावी त्यानंच देऊन टाकली असती.



“मागची सीट काढ,” उस्ताद म्हणाले.

सीटखाली टाकीकडे जाणारा जाड रबरी पाइप होता. पेट्रोल भरतात तो. हात फिरवला तर बोटं ओली झाली. वरच्या अंगाला नखाएवढी भेग. टाकी काठोकाठ असली, की तिथून पाझरत होतं.

नवा पाइप बसवायला पाच वाजले. या वेळी कुलदीप स्वतः आत बसला नाही. समोरच्या चहावाल्या शेवंताकाकूंना बोलावून आणलं. त्यांना आत बसवून काचा लावल्या आणि दार धरून उभा राहिला. पंधरा मिनिटांनी काकू म्हणाल्या, “नव्या रबराचा येतोय. दुसरा नाही.”

लीलाताई चावी घेऊन गेल्या.

कुलदीप नटबोल्टचे पाने पुसायला बसला. मग म्हणाला, “उस्ताद, मला गाडीत बसूनही वास येत नव्हता. तुम्हाला मात्र लांबूनही येत होता.”

“मला?” उस्ताद हसले. “पंधरा वर्षांमागं ताप आला होता, तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही. घरात भेंडी केलीय की बिर्याणी, ताट पुढं आल्यावर कळतं.”

कुलदीपनं हातातला पाना खाली ठेवला.

“मग गाडीतला वास गेलेला नाही, हे तुम्हाला कसं कळलं?”

“मला वास येत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी विचारत बसतो.”