बगळोबांची दणदण

समुद्रकाठी अजून माणसांची वस्ती नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. ओल्या वाळूतल्या बिळात एक कुर्ली, म्हणजे खेकडी, राहत असे. एकदा तळ्याकाठचा एक उपाशी बगळा तिच्या बिळावर येऊन उभा राहिला.

"बाहेर ये गं, नाहीतर तुझ्या घराचा चिखल करीन!" तो ओरडला. तळ्यात पाय आपटले की चिखल आणखी मऊ होई, एवढेच त्याला ठाऊक होते.

कुर्ली बिळात आणखी खोल सरकली. याने हळूच चोच घातली तर आपण संपलो, हे तिला कळत होते.

"एवढ्या काटकुळ्या पायांनी?" ती आतून म्हणाली. "जरा जोर तरी लावा, बगळोबा!"

बगळ्याने चिडून पाय आपटला. दाबलेले वाळूचे कण एकमेकांना रेटत आडवे सरकले, त्यांच्यामधल्या फटी रुंदावल्या आणि वरचे पाणी त्या फटींत उतरले. पायाभोवतीची वाळू कोरडी, टणक झाली.

"अरेच्चा, पाणी कुठे गेलं?"

"तुम्हाला घाबरून पळालं. आणखी जोरात!"

तो दणदण पाय आपटत राहिला आणि वाळू दरवेळी घट्ट होत राहिली. शेवटी भरतीचे पाणी पोटाला लागले, तेव्हा तो फडफडत उडाला.

"उद्या पुन्हा या हं," कुर्लीने हाक मारली, "पण जेवून या!"