अजून नाही

"देवापुढेसुद्धा ती भिंतीपुढे उभं राहावं तशी उभी राहते. आत कुणी आहे की नाही, कोण जाणे!"

हे शकूआत्या मागीलदारी फणसाचे गरे काढता काढता म्हणाल्या. नवऱ्याची आत्या, म्हणजे नीरजाची आतेसासू. हाताला तेल लावून बसल्या होत्या आणि समोर सासूबाई आठळ्या वेगळ्या करत होत्या. दाराच्या आत नीरजा तांदळाचं पातेलं घेऊन उभी होती, हे दोघींना ठाऊक नव्हतं.

सासूबाई नुसत्या आठळ्या वेगळ्या करत राहिल्या. तेच जास्त लागलं.

'आत' म्हणजे कुणाच्या आत, हे आत्यांनी सांगितलं नव्हतं. भिंतीच्या? देवाच्या? की तिच्या? नीरजाने थोडा वेळ तिन्ही शक्यता तपासून पाहिल्या. मग पातेलं ठेवलं, चपला घातल्या आणि देवळाकडे निघाली.

लग्न होऊन सात आठवडे झाले होते.

गावदेवाला तिथे नुसतं 'म्हाराज' म्हणतात. देऊळ कौलारू, आत उभा काळा पाषाण. हात नाहीत, पाय नाहीत, चेहरा नाही. उत्सवाला आणि गाऱ्हाण्याला तेवढे चांदीचे डोळे बसवतात. ते डोळे नीरजाच्या सासरच्या घरी, लाकडी डबीत असतात.

तिला पाषाण आवडे तो बिनडोळ्यांचा. 'माझ्याकडे बघून बोल' असं त्याने तिला कधी म्हटलं नव्हतं.

म्हणून ती रोज दुपारी चारला यायची, सव्वापाचला जायची. दाजी गुरव गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी वाती वळत बसलेले असायचे. सत्तरी उलटलेला माणूस, पन्नास वर्षं त्याच देवाची पूजा करणारा. सात आठवड्यांत दोघांचं बोलणं जेमतेम आठदहा वाक्यांचं झालं असेल. दोघांनाही ते पुरेसं वाटे.

आज मात्र तिने चपला काढता काढताच विचारलं.

"दाजी, तुम्हाला तो जाणवतो का?"

"कोण?"

"हा."

दाजींनी वात वळून पूर्ण केली. दुसरी घेतली.

"आज संध्याकाळी तुमच्या घरचं गाऱ्हाणं आहे," ते म्हणाले. "त्याची धास्ती घेतलीस होय?"

होती. तिकडे गाऱ्हाणं घालतात ते असं: गुरव देवासमोर उभा राहून एकेक वाक्य म्हणतो आणि मागे उभी असलेली मंडळी प्रत्येक वाक्याला एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्या गाऱ्हाण्यात दाजी म्हणाले होते, "बा म्हाराजा, ही सून आता तुझी लेक झाली, तू हिच्या मनात राहतोस!"

मंडळी म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

नीरजा म्हणाली, "नाही. अजून नाही."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. प्रश्न तिच्या मनाबद्दलचा होता, तेव्हा उत्तर तिलाच ठाऊक असणार. बाकीच्यांनी ते इतक्या खात्रीने कसं दिलं, याचंच तिला आश्चर्य वाटलं होतं.

शकूआत्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी घरात स्पष्ट सांगितलं, जिच्या तोंडून 'व्हय' निघत नाही तिने घराण्याच्या समईला हात लावायचा नाही. पंगतीला बसावं, गाऱ्हाण्याच्या रांगेत उभं राहू नये. सासूबाईंनी रदबदली केली, म्हणून आज पुन्हा एक संधी होती. शेवटची.

समईचं नीरजाला काही नव्हतं. पण ती रांग... तो एकाच वेळी निघणारा एकच आवाज. लहानपणापासून ती असल्या आवाजांच्या कडेला उभी होती. आरतीच्या, प्रार्थनेच्या, घोषणांच्या. एकदा तरी आत असावं, असं तिला फार वाटे. खोटं न बोलता.

"मला ऑटिझम आहे," ती दाजींना म्हणाली. "डॉक्टरांनी चोविसाव्या वर्षी सांगितलं. जन्मापासूनच असतो. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते मला आपोआप कळत नाही. हिशेब करावा लागतो."

"निषादला ठाऊक आहे?"

"त्याला लग्नाआधीच सांगितलं. त्याने घरी सांगितलं, 'थोडी वेगळी आहे.'"

"थोडी," दाजी म्हणाले. त्यांच्या मिशा जराशा हलल्या.

"मी वाचलं, की आमच्यातल्या पुष्कळांना म्हणून देवही जाणवत नाही. माणसाच्या मनाचा अंदाज येत नाही, तर न दिसणाऱ्याच्या मनाचा कुठून येणार?"

"असेल."

"पण ते सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. आमचा फोनवर एक गट आहे. त्यात मिरजेचा एक जण पाची वेळची नमाज मिनिटही न चुकता पढतो. म्हणतो, तेवढी एकच जागा आहे जिथे मला कुणी डोळ्यांत बघायला सांगत नाही. वसईची एक बाई येशूशी बसच्या वेळापत्रकाबद्दल बोलते. एक आहे, त्याने सगळे नियम ताडून पाहिले, ते एकमेकांशी जुळेनात, म्हणून त्याने देव सोडला. तोही मजेत आहे."

"आणि तू?"

"मला लहानपणी मावशीने सांगितलं होतं, मनापासून हाक मारली की देव ओ देतो. मी हाक मारली. मग ओ ऐकायला थांबले. जेवण गार झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नवव्या वर्षी सोडून दिलं."

दाजींनी पुढची वात घेतली.

नीरजाला ते आवडलं नाही. तिच्याजवळ आणखी एक गोष्ट होती. तिला वाटत होतं, ती ऐकल्यावर दाजींना बोलावंच लागेल.

"तुमच्या कौलाचंही मला कळलंय."

"काय कळलंय?"

कौल म्हणजे देवाला विचारणं. दाजी दोन पाकळ्या पाण्यात बुडवून पाषाणाच्या वरच्या दोन कडांना, म्हणजे त्याच्या खांद्यांना, चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"मी एकवीस कौल पाहिले. सतरा वेळा उजवी पडली. तिथला दगड गुळगुळीत झालाय, पाकळी घसरते. पाकळी लावताना तुमचा अंगठा तिथेच घासतो. पन्नास वर्षं घासलाय. देव होकार देत नाही, दाजी. तुमचा अंगठा देतो."

एका दमात बोलून झाल्यावर तिला आतून थोडं उंच वाटलं. लगेच वाईटही वाटलं.

"सतरा?" दाजी म्हणाले. "मला वाटलं होतं, जास्त असतील."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"माझाच अंगठा आहे, बाय."

"मग लोकांना फसवता कशाला?"

"परवा बांधावरून भांडणारे दोघे भाऊ आले होते, ते पाहिलेस?"

"हो. त्यांची डावी पडली. पन्नास मिनिटांनी."

"पन्नास मिनिटं ते काय करत होते?"

नीरजाने आठवून पाहिलं. "काही नाही. शेजारी शेजारी बसून पाकळीकडे बघत होते."

"दोन वर्षांत पहिल्यांदा," दाजी म्हणाले आणि वात वळू लागले.

बाहेर माडाची झावळी पडली. पाल चुकचुकली.

"पण तुम्ही उत्तर दिलं नाहीत," नीरजा म्हणाली. "तुम्हाला तो जाणवतो का?"

दाजींचे हात थांबले.

"तरुणपणी वाटायचं. पाठीमागे कुणी उभं आहे असं. मग बायको गेली, त्या वर्षापासून... नाही."

"मग तुम्ही 'व्हय म्हाराजा' कसं म्हणता?"

"मी कुठे म्हणतो? मी गाऱ्हाणं घालतो. 'व्हय' म्हणायचं काम मागच्यांचं." ते हलकेच हसले. "पन्नास वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्याही नाही."

नीरजाने पुन्हा आठवून पाहिलं. खरं होतं. तिला स्वतःचाच राग आला.

दाजींनी फुलांची परडी तिच्याकडे सरकवली.

"हात धुऊन ये. आज तू लाव."

"मी? बायकांनी आत जायचं नसतं म्हणतात."

"आत मी आणि ती पाल. दोघंही कुणाला सांगणार नाही."

तिने हात धुतले. पाकळ्या निवडल्या, एका मापाच्या. दोन्ही सारख्याच वेळ पाण्यात बुडवल्या. उजवा खांदा गुळगुळीत होता म्हणून तिथे थोडी वर, खडबडीत भागावर लावली. कौल कसा निष्पक्ष हवा.

"आता विचार," दाजी म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

तिने पाषाणाकडे पाहिलं. त्याला डोळे नव्हते, म्हणून पाहता आलं. ओठ हलले. दोनच शब्द.

मग ती उंबऱ्याच्या बाहेर येऊन बसली.

पाकळ्या पडेनात.

उन्हाचा पट्टा दीपमाळेवरून तुळशीवर गेला. पाकळ्या होत्या तिथेच. दाजींच्या वाती संपल्या. त्यांनी समया पुसल्या, तेल घातलं.

"सव्वापाच होऊन गेले," ते म्हणाले.

"हो."

"तू तर मिनिटभरही इकडेतिकडे होत नाहीस."

"हो."

"हवा दमट आहे. आज पडतील असं दिसत नाही."

"अजून नाही पडल्या," नीरजा म्हणाली. "मी थांबते."

दाजींनी हातातलं तेलाचं भांडं खाली ठेवलं. तिच्याकडे बघितलं, मग तिला अवघड वाटतंय हे ध्यानात येऊन पाषाणाकडे बघितलं.

"कुणासाठी?"

ती पाकळ्यांकडे बघत राहिली.

दिवेलागणीला घरची मंडळी आली. पुढे शकूआत्या, मागे सासूबाई डोळ्यांची डबी घेऊन, मग निषाद आणि भावकीतले चारपाच जण. सून आधीच देवळात बसलेली पाहून आत्यांच्या भुवया वर गेल्या.

"बघा, इथे आहेत बाईसाहेब! आणि आम्ही घरभर शोधतोय!"

निषाद तिच्याजवळ सरकला. "नीरू, नुसतं म्हणून टाक ना. ओठ हलवलेस तरी चालेल. कुणाला कळतंय?"

"मला कळतं."

सासूबाईंनी तिचा पदर सारखा केला. "मला समईचं काही नाही गं," त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या. "तू आमच्यात उभी दिसावीस, एवढंच."

नीरजाला त्यांच्या मनातलं कळायला या वेळी हिशेब करावा लागला नाही. ती त्यांच्याजवळ सरकली. चेहऱ्यावर मात्र काहीच आलं नाही. तिच्या चेहऱ्यावर ते येत नसे.

सासूबाईंनी डबी पुढे केली. दाजींनी ती घेतली, उघडली, चांदीचे डोळे पाहिले आणि झाकण लावून डबी परत दिली.

"राहू देत. आज नकोत."

"दाजी, हे काय भलतंच?" शकूआत्या म्हणाल्या. "डोळ्यांशिवाय गाऱ्हाणं?"

"ऐकायला डोळे लागत नाहीत, आत्याबाई."

"आणि खांद्यावर या पाकळ्या कुणाच्या? कौल कुणी लावलाय?"

"चालू आहे," दाजी म्हणाले. "त्याला हात लावायचा नाही."

रांग लागली. नीरजा टोकाला उभी राहिली, सासूबाईंच्या शेजारी. दाजींनी नारळ हातात घेतला.

"बा म्हाराजा, आज तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी आहेत!"

"व्हय म्हाराजा!"

"त्यांची गुरंढोरं, त्यांची माडबाग तू सांभाळलीस!"

"व्हय म्हाराजा!"

"मुंबईला गेलेल्या पोरांच्या पाठीशी तू उभा राहिलास!"

"व्हय म्हाराजा!"

प्रत्येक वेळी तो एकच आवाज तिच्या अंगावरून पुढे जात होता. तिचे ओठ मिटलेले. शकूआत्या रांगेतून वाकून तिच्याकडे बघत होत्या. निषाद खाली बघत होता.

दाजी थांबले. नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"बा म्हाराजा... ही नीरजा. रोज दुपारी तुझ्या दारात येऊन बसते."

या वेळी 'व्हय' आलं नाही. हे कुणाला माहीतच नव्हतं.

"तू आहेस की नाहीस, तिला ठाऊक नाही."

शकूआत्यांनी तोंडावर हात ठेवला. सासूबाईंनी वळून सुनेकडे पाहिलं.

"तरी ती तुझी वाट बघते."

या वाक्याला 'व्हय' म्हणायचं की नाही, कुणालाच कळेना.

नीरजाने पाषाणाकडे पाहिलं. दोन्ही पाकळ्या अजून जागेवर होत्या.

मग मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, एकटीच, ती म्हणाली, "व्हय म्हाराजा."