वेळूचा फुलोरा

एका राज्यात बारा वर्षे पाळणा हलला नव्हता. गाई भाकड, आंबे बिनमोहराचे. राजा शूरध्वजाने आणखी दोन राण्या करून पाहिल्या. त्यांच्याही ओट्या रित्याच. तरी दोष लागला तो थोरल्या मंदारवतीला.

"चैत्र सरण्याआधी कूस उजवली नाही, तर वनात जा," राजा म्हणाला.

मंदारवती भीत भीत मांत्रिक कालभद्राकडे गेली. गडाभोवती कुंपण म्हणून वाढवलेल्या वेळूबनातच तो राही.

"शाप मीच दिला," तो शांतपणे म्हणाला. "वेळू एकदाच फुलतो आणि मरतो. बन मेले तर गड उघडा पडेल, म्हणून तुझा राजा दरसाल कळ्या छाटतो. जोवर वेळू फळत नाही, तोवर इथे कुणीच फळणार नाही. मासोळीचे अंडे, धनेशिणीचे पीस आणि वेळूचे बी मला आणून दे."

डोहातली मासोळी म्हणाली, "एक कशाला? ओंजळभर ने. लाख घातलीत."

"जगतील किती?"

"दोन जगली तरी खूप. एकेकीसाठी रडत बसू, तर घालू कधी?"

धनेशीण झाडाच्या ढोलीत होती. दार चिखलाने लिंपलेले, फटीतून चोच तेवढी बाहेर. "पिसे सगळीच गळलीत. हवी तितकी घे," ती म्हणाली. "एकच पिल्लू आहे. ते वाढेस्तोवर मला उडणे नाही."

"आणि खातेस काय?"

"हे आणतात उंबरं. बघ ना, कसे वाळलेत!" फांदीवर नर धापा टाकत होता.

उरले बी. कळ्या छाटायचा दिवस उजाडला. राजाने विळा थोरल्या राणीच्याच हातून घ्यायचा, दुसऱ्या विळ्याने बनाला शिवायचे नाही, अशी रीत होती. मंदारवतीने विळा डोहात फेकला.

"वेड लागलं का तुला?" राजा ओरडला.

पाणबुडे उतरले, पण विळा काही सापडेना. सांजेपर्यंत सारे बन फुलले. महिन्याभरात वाळले, आणि बियांचा सडा पडला.

अंडे, पीस आणि मूठभर बी घेऊन ती कालभद्राकडे आली. "आता आई होण्याची किंमत काय देशील, सांग," तो म्हणाला. "मासोळीसारखी लाखांना विसरशील? वेळूसारखी मरशील? की धनेशिणीसारखी पिसे देशील?"

"पिसे," ती चाचरत म्हणाली. "पण मला कुठली पिसे?"

"आयुष्याची पंचवीस वर्षे."

"आणि महाराजांनी काय द्यायचे?"

"त्यांच्याकडून मी काही मागितलेले नाही."

शाप सुटला. गाई व्याल्या, आंबे मोहरले, घरोघरी पाळणे बांधले गेले. गडाभोवती वेळूचे कोवळे कोंब वर आले. ते वाढेपर्यंत पहारा दुप्पट झाला. मंदारवतीला दिवस गेले, आणि मग नऊ महिने राजा धाकट्या राण्यांच्या महाली होता. ती बाळंत झाल्यावर बाराव्या दिवशी तो वाजतगाजत थोरलीच्या महाली आला. नगाऱ्यावर दवंडी झाली, "महाराजांना कन्या झाली हो!"

आत पांढऱ्या केसांची एक बाई भिंतीला टेकून बसली होती. राजाने तिच्याकडे ओझरते पाहिले.

"सुईणबाई, राणी कुठे आहे?"

मंदारवतीने पदर सारखा केला.

"पाजते आहे, महाराज."