कधी न धुतलेली काथवट

फार उत्तरेला, फिनलंड देशात, एका तळ्याकाठच्या गावात एक घरधनीण राहत होती. तिच्या घरी पीठ मळायची एक लाकडी काथवट होती. तिला त्या काथवटीचा पोटच्या मुलापेक्षा काकणभर जास्तच अभिमान होता.

तिथली भाकरी राय नावाच्या काळसर धान्याची. ती वर्षातून दोनदाच भाजायची. मध्ये भोक ठेवून गोल थापायची आणि भाजून झाली की काठीत ओवून आढ्याला टांगायची. आढं भरलं की बाहेर कमरेएवढा बर्फ पडला तरी घर निर्धास्त. खारवलेल्या माशाबरोबर ती कडक, आंबूस भाकरी सगळे हिवाळाभर चवीने खात.

पण ही भाकरी फुगायला आंबवण लागतं, आणि तिथे ते वेगळं ठेवत नसत. पीठ मळून झालं की काथवट धुवायचीच नाही. लाकडाला चिकटलेलं पीठ तसंच वाळू द्यायचं. सहा महिन्यांनी त्यावर कोमट पाणी आणि नवं पीठ घातलं की ती खरवड जागी व्हायची, बुडबुडे सोडू लागायची. रोज दुधाला विरजण लावणाऱ्यांनीही तोंडात बोट घालावं असंच ते होतं.

एकदा शेजारी नवं घर बांधलेली बाई मूठभर आंबवण मागायला आली. घरधनिणीने सरळ नाही म्हटलं. आंबवण दाराबाहेर गेलं की घराची बरकत जाते, असं तिचं मत होतं. शेजारीण रिकाम्या हाताने परत गेली.

पुढे घरात सून आली. तिचं नाव साइमा. तिचं माहेर आणखी उत्तरेला होतं. तिकडे जवाची पातळ भाकरी ताजी ताजी भाजून खात, तिला आंबवण लागतच नसे. थंडीच्या तोंडावर भाकऱ्या भाजायचा दिवस आला. सासू कोठारात पीठ चाळत होती. साइमाने काथवट पाहिली आणि तिला वाटलं, केवढी ही घाण! सासूबाई खूश होतील म्हणून तिने ती वाळूने घासली, कढत पाण्याने धुतली आणि लख्ख करून अंगणात वाळत घातली.

सासूने ते पाहिलं आणि ती खाली बसून लाकडाच्या भेगांत खरवड शोधू लागली. साइमाला आपलं काय चुकलं ते कळेना. कळलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "मीच धुतली, आई. शेजारून थोडं मागून आणू का?"

सासूने मनात हिशेब केला. नवं आंबवण धरायला बरेच दिवस लागतात, आणि धरलं तरी भाकरी चांगली होईलच असं नाही. इकडे तळं गोठायला आलेलं. सुनेला पाठवणं सोपं होतं. पण नकार आपण दिला होता, तेव्हा मागायलाही आपणच जायला हवं, हे तिला उमगलं. ती उठली आणि मान खाली घालून शेजारणीच्या दारात उभी राहिली.

शेजारणीने आढेवेढे घेतले नाहीत. आपल्या काथवटीत फुगलेल्या पिठाचा भला मोठा गोळा काढून तिने तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मी तळ्यापलीकडे गेले. तिथल्या आजींनी मला दिलं. दुष्काळात झाडाच्या सालीचं पीठ मिसळून खायचे दिवस होते ना, तेव्हा तुमच्या सासूबाई होडीतून घरोघर आंबवण वाटत फिरल्या होत्या. हे त्यांचंच आहे."

घरधनीण गोळा घेऊन वळली. तिने तळ्याकडे पाहिलं. चहूकडच्या काठांवर घराघरातून भाकऱ्या भाजल्याचा धूर निघत होता, आणि त्यातली एकूण एक भाकरी तिच्याच घरच्या आंबवणाने फुगलेली होती. इतकी वर्षं आपण काय दडवून ठेवत होतो, हे आठवून तिला शरम वाटली, आणि त्याहून जास्त नवल वाटलं.

त्या संध्याकाळी पीठ काथवटीच्या काठापर्यंत फुगून आलं. सासू-सुना दोघी कितीतरी वेळ नुसत्या बघत बसल्या. मग सासूने एक गोळा फडक्यात बांधून साइमाच्या हातात दिला. "हा तुझ्या माहेरी पाठव, तिकडेही फुगू दे एखादी भाकरी," ती म्हणाली.

तात्पर्य काय, तर कोंडून ठेवलेलं एका धुण्यात जातं. वाटलेलंच घरी परत येतं.