महालातला शेवटचा उंदीर

दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी निघालेले धारगिरीचे राजे हैबतराव वेशीपाशीच घोड्यावरून पडले, आणि तेही अख्ख्या गावासमोर. खोगीर आवळून बांधायचा तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालचा चामडी पट्टा, ऐन वेळी तुटला होता. राजांना लागलं फारसं नाही, पण पागोटं धुळीत गेलं आणि गर्दीतलं कोणीतरी फिसकन हसलं. तेवढं पुरे झालं. तो तंग शिवणारा धोंडू जिनगर तासाभरात कोठडीत जाऊन बसला.

धोंडूची मुलगी भिवरा बापाच्या शेजारी बसून चामडं शिवतच मोठी झाली होती. तिने पागेतून तुटलेला पट्टा मागून घेतला आणि उजेडात धरला. शिवण जागच्या जागी होती. कुरतडलं होतं ते चामडं. ती तशीच दरबारात गेली आणि पट्टा पुढे करून म्हणाली, "महाराज, माझ्या बापाचा एक टाकाही उसवलेला नाही. हे दातांचे वण बघा. उंदरांनी खाल्लाय."

दरबारात कुजबुज झाली, कारण उंदरांचा जाच कोणाला नवा नव्हता. राणीसाहेबांच्या शालूची चाळण झाली होती, दफ्तरातल्या सनदांचे कोपरे गेले होते, आणि मुदपाकखान्यातले दोन आचारी तापाने अंथरुणाला खिळले होते. उघड्या धान्यात नि पाण्यात उंदरांची घाण पडते, ताप तिथूनच येतो, असं वैद्यबुवा महिनाभर कानीकपाळी ओरडत होते. पण उंदीर म्हणजे गणरायाचं वाहन, तेव्हा महालात विष नको, सापळा नको, मांजरसुद्धा नको, असा महाराजांचा हट्ट होता.

आता एका जिनगराच्या पोरीने चारचौघांत तेच बोलून दाखवलं, हे त्यांना झोंबलं.

"उंदीरच गुन्हेगार ना? मग घालव त्यांना," महाराज म्हणाले. "पंधरा दिवस देतो. पण एकालाही मारायचं नाही, पकडायचं नाही, बोटसुद्धा लावायचं नाही. जमलं तर बाप सुटला. नाही जमलं तर दोघांनी राज्य सोडायचं."

भिवराने एकच मागणं मागितलं. हे पंधरा दिवस महालात अन्न कुठे आणि कसं ठेवायचं ते ती सांगेल, आणि ते सगळ्यांनी ऐकायचं. त्यात काय एवढं, असं म्हणून महाराजांनी मान डोलावली.

पहिले दोन दिवस ती नुसती हिंडली. कोनाडे, मोऱ्या, माळे, कोठीतल्या पोत्यांच्या मागे, सगळीकडे वाकून बघितलं. मग कामाला लागली. पोत्यांतलं धान्य तिने मोठ्या रांजणांत भरवलं आणि त्यांवर दगडी झाकणं ठेववली. पाण्याची भांडी घासून झाकायला लावली. खरकटं दिवस मावळायच्या आत महालाबाहेर जाऊ लागलं. खिडक्यांपर्यंत चढलेले वेल तिने छाटून टाकले. भिंतींतली भोकं चुना आणि फुटक्या बांगड्यांच्या काचा कालवून बुजवली, फक्त बागेकडचं एक तेवढं मोकळं ठेवलं. आचारी कुरकुरले, दासींनी नाकं मुरडली, पण हुकूम महाराजांचा होता.

रोज संध्याकाळी ती दारादारांत चाळलेली राख पसरायची आणि सकाळी येऊन पावलं बघायची. खायला काही मिळेना, तेव्हा उंदरांच्या बारीक पावलांच्या रांगा बागेकडे जाऊ लागल्या. दहाव्या दिवसापासून परतीची पावलं दिसेनात. मग तिने तेही भोक लिंपून टाकलं.

पंधराव्या दिवशी दरबार खच्चून भरला. धोंडूला कोठडीतून आणून उभं केलं होतं. महाराज मिशीला पीळ देत म्हणाले, "हरलीस पोरी. आमच्या पलंगाखाली अजून एक उंदीर खुडबुडतो. आम्ही आमच्या कानांनी ऐकलंय."

धोंडूने डोळे मिटले. भिवरा मात्र शांतपणे म्हणाली की ते तिला ठाऊक आहे. महालात एकच उंदीर उरलाय, आणि तो जात नाही कारण त्याला रोज कोणीतरी खाऊ घालतं. राखेत माणसाची अनवाणी पावलं उमटतात, कोठीपासून महाराजांच्या शयनगृहापर्यंत, आणि पावलांशेजारी बुंदीच्या लाडवाचा चुरा सांडलेला असतो.

वैद्यबुवांनी चमकून मान वर केली. महाराजांचं गोड त्यांनीच दोन महिन्यांपूर्वी बंद केलं होतं.

महाराज संतापाच्या भरात होते. त्यांचं तिकडे लक्षच गेलं नाही. "आमच्या हुकमाबाहेर वागणारा तो कोण? नाव सांग. आत्ता राज्याबाहेर काढतो."

"नाव कसं घेऊ महाराज?" भिवरा नम्रपणे म्हणाली. "मी कोठीवरच्या पहारेकऱ्याला विचारलं, त्या माणसाला अडवत का नाहीस? तर तो म्हणाला, अडवू कसा? मी तर त्याला मुजरा करतो."

महाराजांचा हात मिशीवरच थांबला. राणीसाहेबांनी पदर तोंडाशी नेला.

महाराजांनी घसा खाकरला. "मग आता काय करावं म्हणतेस? शब्द तर दिला. घालवायचं त्याला राज्याबाहेर?"

"नको महाराज. त्यांना फक्त पलंगाजवळच्या लाडवांच्या डब्याला झाकण लावायला सांगा. बागेकडचं भोक मी उघडते, उंदीर आपोआप जाईल."

महाराज आधी गालातल्या गालात हसले, मग मोठ्याने, आणि मग पोट धरून इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी स्वतः उठून धोंडूला सोडवलं आणि पागेतल्या सगळ्या खोगिरांचं काम त्याच्या नावे करून दिलं. भिवराला भरजरी लुगडं आणि कोठीची किल्ली मिळाली.

किल्ली हातात ठेवताना महाराजांनी हळूच विचारलं, सणासुदीला तरी एखादा लाडू मिळेल ना?

"वैद्यबुवांना विचारून," भिवरा म्हणाली.