बांधलेला डावा हात

तांबटांची आळी असलेल्या एका गावात दाजीशेट नावाचा एक तांबट राहत होता, आणि त्याच्यापेक्षा त्याच्या उजव्या हाताचा मान मोठा होता. हंडे, घागरी, लग्नातली घंगाळी, जे काही त्या हाताखालून जाई ते पिढ्यान्‌पिढ्या टिके. त्याचा हातोडा पत्र्यावर पडू लागला की शेजारचे तांबट आपला हात थांबवून ऐकत. स्तुती मात्र कोणी करीत नसे, कारण एका धंद्यातली माणसे एकमेकांची स्तुती मेल्यावरच करतात.

एके दिवशी दाजीशेट सकाळी उठायला गेला आणि उजवी बाजू त्याच्याबरोबर उठलीच नाही. अर्धांगवायूने त्याला गाठले होते. काही महिन्यांनी पाय कसाबसा परत आला. डाव्या हातात काठी घेऊन तो अंगणापर्यंत जाऊ लागला. उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबतच राहिला. जीभ वाचली. ती आधीपासूनच तिखट होती, त्यामुळे ती वाचली हे बरे झाले की वाईट, ते घरच्यांना ठरवता येईना.

घरचे म्हणजे तरी कोण? बायको कधीच देवाघरी गेली होती. मुलगा जनार्दन भांडी लादून बाजार करीत फिरे, तो आठवड्यात एखाद्या दिवशी दिसे. तेव्हा सगळा भार सुनेवर आला. तिचे नाव मथुरा. ती सासऱ्याला उठवी, बसवी, अंघोळ घाली. डाव्या हाताने जेवणे त्याला लाजिरवाणे वाटे, म्हणून घासही तीच भरवी. येणारे-जाणारे विचारत, "काय दाजीशेट, आराम आहे ना?" आपली भाषाही मोठी गमतीची. आजारी माणूस बरा झाला की आपण म्हणतो आराम पडला, आणि तो नुसता लोळत राहिला तरी म्हणतो आराम करतोय. शब्द एकच, म्हणून एकातून दुसरे आपोआप निघते अशी सगळ्यांची बालंबाल खात्री.

त्या भागात अंताजी नावाचा एक वैद्य फिरत असे. बरीच वर्षे एक कोडे त्याला छळत होते. भरल्या घरातल्या, दहा माणसांनी झेललेल्या रोग्यांचे हात लोंबत राहत, आणि मोळ्या विकून पोट भरणारी, मागे-पुढे कोणी नसलेली एखादी बाई त्याच दुखण्यातून उठून पुन्हा भाकऱ्या थापताना दिसे. आधी त्याला वाटले, हा देवाचा न्याय असेल. मग त्याच्या मनात आले, देव एवढा न्यायी असता तर त्याने तिला आधी माणसे दिली असती. तेव्हापासून तो रोग्यांच्या घरी नाडी बघून निघून जाईनासा झाला. तो जेवणाच्या वेळेपर्यंत बसून राही आणि कोणाचा हात कधी हलतो ते बघत बसे. लोकांना वाटे, वैद्य जेवायला टपलाय.

बघून बघून त्याला जे उमगले ते एवढेच होते: आजारी हात हलायच्या आत दुसरा कोणता तरी हात मदतीला धावतो. कधी तो रोग्याचाच चांगला हात असतो, कधी घरच्यांचा. काम होऊन जाते, आणि आजारी हात हलायचे विसरतो. मोळीवालीला दुसरा खांदा नव्हता, एवढेच तिचे औषध. मग त्याने काही रोग्यांना विचारून त्यांचे चांगले हात बांधून पाहिले. जिथे घरचे टिकले, तिथे बरेच हात परतले. जिथे घरच्यांना दया आली, तिथे एकही नाही. टिकूनही काहींचे परतले नाहीत, हेही तो लपवत नसे.

असा हा अंताजी दाजीशेटच्या ओसरीवर आला. त्याने उजवे मनगट दाबून धरले आणि हात हलवायला सांगितले. अंगठ्यात इवलीशी हालचाल झाली.

"जीव आहे," तो म्हणाला. "नसता तर आल्या पावली परत गेलो असतो. डावा हात बांधा."

"वैद्यबुवा," दाजीशेट म्हणाला, "एक देवानं नेला, आता दुसरा तुम्ही नेताय?"

"नेत नाही, शेट, बसवून ठेवतोय. तो फार कामसू निघाला, म्हणून भाऊ आळशी झाला."

मग तो मथुरेकडे वळला. "जागेपणी सगळा वेळ बांधायचा. चालताना काठीपुरता सोडायचा. जेवण उजव्या हातानं. सांडेल, अर्धपोटी उठतील, रडतील, तुम्हाला शिव्या देतील. औषध त्यांना घ्यायचंय बाई, पण कडू तुम्हाला लागणार. बघवलं नाही तर तोंड फिरवा. हात पुढे करू नका."

मथुरेने सासऱ्याकडे पाहिले. तो आपल्या लोंबत्या उजव्या हाताकडे बघत होता. मग म्हणाला, "मला मरायच्या आधी एक घागर घडवायची आहे. बांध."

मथुरेने जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, तीत त्याचा डावा हात घातला आणि पिशवी कमरेशी बांधली. समोर ताट ठेवले आणि आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून ती बाजूला बसली, कारण तिचे हातही कामसू होते, त्यांच्यावर तिचा भरवसा नव्हता. पहिले काही दिवस मजा झाली ती आळीतल्या कुत्र्याची. भाकरी खाली, भाजी धोतरावर, आणि दाजीशेटच्या तोंडी घासाऐवजी शिव्या. तो तिला कैदाशीण म्हणाला. तिच्या माहेरचा उद्धार केला. एकदा तर ढसाढसा रडला. मथुरा भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिनेही रडून घेतले. पण हात मांडीखालून काढले नाहीत.

आणि हात यायला लागला. आधी बोटे भाकरीच्या तुकड्यावर मिटली. मग तुकडा ताटावरून उचलला गेला. मग एके दुपारी तो छातीपर्यंत आला आणि तिथून पडला.

"मथुरे, बघितलंस?"

ती पदर डोळ्यांना लावू लागली.

"रडतेस काय? भाकरी वाढ."

दोघांचे आयुष्यात कधी नव्हे इतके त्या दिवसांत जमले. तो शिव्या देई, ती हसे.

पण घराला दार असते आणि दाराला शेजारी असतात. मथुरा सासऱ्याचा हात बांधते, ही बातमी आळीभर झाली. कशाला बांधते, हे विचारायला कोणाला वेळ नव्हता, म्हणून ज्याने त्याने आपापले उत्तर शोधले. कोणी म्हणाले, जेवण मागू नये म्हणून. कोणी म्हणाले, पोराच्या माघारी मारते म्हणे. तिच्या दारावरून जाताना बायकांचा आवाज खाली येई आणि दार ओलांडल्यावर वर जाई. शेजारच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणे आले नाही. सासऱ्याच्या शिव्या तिने फुलासारख्या झेलल्या होत्या. ते न आलेले बोलावणे मात्र तिच्या काळजात रुतून बसले.

जनार्दन बाजाराहून आला तेव्हा त्याच्याही कानावर सगळे गेले होते.

"लोक काय म्हणतात ते ऐकलंस?"

"ऐकलं. पण हात येतोय, अहो."

तो भांड्यांची गाठोडी सोडू लागला. बांध म्हणाला नाही, सोड म्हणाला नाही. चांगले झाले तर आपले आणि वाईट झाले तर बायकोचे, हा व्यवहार त्याला न शिकवता येत होता.

अशात आळीच्या कालिकामातेचा उत्सव आला. देवळाच्या पटांगणात साऱ्या तांबटांची पंगत बसायची. दाजीशेट आजारानंतर प्रथमच चारचौघांत जाणार होता. मथुरा म्हणाली, "मामंजी, आजच्या दिवस डावा सोडू या का?"

"नाही," तो म्हणाला. "बांधून ने. बघू दे त्यांना. माझा हात काय करतो ते त्यांना बघू दे."

पंगत बसली. दाजीशेट भिंतीला टेकून बसला, डावा हात पिशवीत, समोर पत्रावळ. मथुरा त्याच्या बाजूला उभी राहिली. वाढप झाले, श्लोक झाला, माणसे जेवू लागली, आणि थोड्याच वेळात सारी पंगत जेवायची थांबून एकाच पानाकडे बघू लागली.

दाजीशेटच्या बोटांनी वरणभात गोळा केला. अर्धा पत्रावळीबाहेर गेला. उरलेला घेऊन हात उठला, थरथरला, पडला. वरण धोतरावर ओघळले. पुन्हा गोळा केला, पुन्हा पडला. हनुवटीला भात लागला. एका पोराला हसू फुटले आणि त्याच्या बापाने त्याला चापट मारली. त्या चापटीने तर ते हसू सगळ्यांच्याच लक्षात आले.

आळीचा मुख्य नारोशेट आपल्या पानावरून म्हणाला, आणि पटांगणभर ऐकू जाईल असे म्हणाला, "सूनबाई, देवीच्या दारात तरी म्हाताऱ्याची दया करा."

सगळ्या माना मथुरेकडे वळल्या. दया! गेले कित्येक दिवस ती दयाच तर करत होती. शिव्या खाऊन करत होती, भिंतीकडे तोंड करून करत होती. पण ती दया कोणाला दिसणारी नव्हती, आणि पटांगणात माणसे दिसणारी दया मागत होती.

दाजीशेटचा हात पुन्हा उठला. या वेळी तो छातीच्या वर गेला. गळ्यापाशी आला. हनुवटीपाशी आला. बोटांत घास होता. दाजीशेटचे डोळे त्या घासावर असे खिळले होते, की पंगत आहे, लोक आहेत, सगळे तो विसरला होता.

मथुरा त्याच्यापुढे खाली बसली.

"थांब," दाजीशेट पुटपुटला. "थांब गं, येतोय..."

तिने पत्रावळीतून घास उचलला आणि त्याच्या उघड्या तोंडात घातला. पुढचा शब्द त्या घासाबरोबर आत गेला. हनुवटीपाशी आलेला हात तसाच थोडा वेळ थरथरत राहिला, मग खाली पडला.

"शाब्बास!" नारोशेट म्हणाला. बायकांच्या पंगतीतून सुस्कारे आले. कोणीतरी डोळे पुसले. मथुरेने दुसरा घास भरवला, तिसरा भरवला, आणि अंगावर रोखलेल्या नजरा मऊ होत गेल्या. तिला किती बरे वाटले! खरे तेच सांगायचे तर, त्या पंगतीत सगळ्यांत जास्त पोट तिचे भरले.

दुसऱ्या दिवशी दाजीशेट म्हणाला, "पिशवी आण." ती म्हणाली, "आज नको मामंजी, दमलात काल." तिसऱ्या दिवशी शेजारीण शिरा घेऊन आली होती, तिच्यादेखत कसे बांधायचे? चौथ्या दिवशी दुसरीच कोणी आली. आता दार उघडे राही आणि आळीतले कोणी ना कोणी सासऱ्याला प्रेमाने भरवणारी सून बघायला येई. दाजीशेटने काही दिवस पिशवी मागितली. मग मागायची सोडली. आयता घास कोणाला कडू लागतो? डावा हात पुन्हा कामाला लागला, उजवा मांडीवर पडून राहिला, आणि हळूहळू त्याची बोटे आत वळून मूठ झाली. ती मूठ पुढे कोणाला उघडता आली नाही.

अंताजी वैद्य फिरत फिरत पुन्हा आला. त्याने ती मूठ पाहिली आणि विचारले, "कधी सोडलात?"

"देवीच्या पंगतीत," मथुरा म्हणाली. "एकदाच. मला बघवेना हो. एक घास भरवला, एवढंच."

"गोड लागला असेल," वैद्य म्हणाला. "कोणाला?"

मथुरेने मान खाली घातली. अंताजी पाणीही न पिता गेला. त्याच्याही रागाचा काही उपयोग नव्हता.

पुढच्या उत्सवात आळीने मथुरेचा सत्कार केला. लुगडे-चोळी आणली, नारळ आणला. सासऱ्याला मुद्दाम पुढे बसवले. नारोशेट बोलायला उभा राहिला. "सून असावी तर अशी," तो म्हणाला. "वर्षभर सासऱ्याला काडी उचलू दिली नाही या मुलीनं!"

साऱ्या पटांगणाने माना डोलावल्या. इतके खरे वाक्य नारोशेट उभ्या जन्मात बोलला नव्हता आणि त्याचे त्यालाही ते कळले नव्हते. कळले ते दोघांनाच.

मथुरेने ओटी घेतली आणि रीतीप्रमाणे ती सासऱ्याच्या पाया पडायला वाकली. डोक्यावर हात येण्याची वाट बघत राहिली. हात आला नाही.

"सूनबाई," वरून दाजीशेटचा आवाज आला. "आशीर्वाद तर द्यायचाय गं. कुठल्या हातानं देऊ?"

लोकांना वाटले, म्हातारा थट्टा करतोय. सगळे हसले. मथुरा वाकलेलीच राहिली.

तात्पर्य: दुसऱ्याची धडपड आपल्याला बघवत नाही म्हणून त्याचे काम आपण करून टाकले, तर ती दया त्याच्यावर नसते, स्वतःवर असते. आणि तिची किंमत मात्र त्याला मोजावी लागते.